हाताचं की पायाचं?

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मी आमच्या ठाण्याच्या सोसायटीच्या जिन्यावरून घसरलो. पायरीवर शेवाळ, पायात झिजलेल्या रबरी सपाता आणि दोन्ही हातांत दुधाच्या पिशव्या. दूध वाचलं. उजवं ढोपर मात्र पायरीच्या कडेवर असं बसलं की वरच्या मजल्यावरच्या काकू दार उघडून बाहेर आल्या. त्यांना वाटलं, कुणीतरी नारळ फोडला.

ही तेव्हा माहेरी, पुण्याला होती. मी फोन केला आणि म्हटलं, “पडलो. ढोपर सुजलंय. फार काही नाही.” लग्नाला एकतीस वर्षं झाली की फोनवर एवढंच बोलणं होतं. तिने शेवाळावरून सोसायटीच्या सेक्रेटरींना चार शब्द सुनावले (ते ऐकायला तिथे नव्हते, मी होतो) आणि लगेच आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी ओळखीखातर एक्स-रेची चिठ्ठी मोबाइलवरच पाठवली. ती न वाचता मी लंगडत एक्स-रे काढायला गेलो. डॉक्टरांची चिठ्ठी आपण वाचायची असते हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. ती औषधवाल्याने वाचायची असते, असा माझा समज.

एक्स-रे काढणारा मुलगा चटपटीत होता. म्हणाला, “काका, बाही वर करा.”

मी एव्हाना पँट दुमडून पाय पुढे काढून बसलो होतो. “बाही कशाला? लागलंय पायाला.”

“चिठ्ठीत एल्बो आहे.”

“चिठ्ठीत काही का असेना, पाय माझा आहे. सूज दिसते ना तुला?”

त्याने सूज बघितली. अगदी सहानुभूतीने बघितली. “दिसतेय की. पण मला चिठ्ठीप्रमाणे काढावा लागतो काका. राइट एल्बो, एपी आणि लॅटरल. पैसेही तुम्ही एल्बोचेच भरलेत.”

पैसे भरलेत म्हटल्यावर माझ्यातला मध्यमवर्गीय जागा झाला. मी टेबलावर हात ठेवला. आधी सरळ, मग काटकोनात वाकवून. वर माझ्या धडधाकट कोपराचे फोटो निघत होते आणि टेबलाखाली माझं ढोपर ठणकत होतं. “हलू नका हं,” असं तो दोनदा म्हणाला. हलण्यासारखी परिस्थिती माझी नव्हतीच.

बाहेर येऊन हिला फोन केला. “डॉक्टरांना एल्बो सांगितलंस तू?”

“मग! तुम्हीच म्हणालात ना, ढोपर म्हणून.”

“अगं, ढोपर म्हणजे गुडघा!”

पलीकडे थोडी शांतता. मग अत्यंत मायेने, सूर्य पूर्वेला उगवतो हे पोराला सांगावं तशा आवाजात ती म्हणाली, “अहो, ढोपर म्हणजे कोपर.”

एकतीस वर्षं एका घरात, एका भाषेत संसार केला. कर्ज काढलं, मुलं शिकवली, दोन वेळा घर बदललं. आणि बायको ज्याला ढोपर म्हणते ते भलतीकडेच आहे, हे आत्ता कळावं? इतकी वर्षं कसं नाही कळलं, याचा विचार मी रिक्षात केला. उत्तर सोपं होतं. घरात पडायची ती मुलं, आणि मुलं पडली की दोन्ही फुटायचं. “ढोपर फुटलं गं” असं मी ओरडायचो. ती हळद घेऊन यायची आणि कोपराला लावायची. मी म्हणायचो, “खालीही लाव.” प्रत्येक वेळी आपलंच बरोबर निघालं, असं दोघांनाही वाटत राहिलं.

माझा जन्म देवगड तालुक्यातला. आमच्याकडे ढोपर म्हणजे काय, हा प्रश्नच नव्हता, कारण दहा वर्षांच्या आतल्या पोराला दुसरा अवयवच नसायचा. जांभ्याच्या पायऱ्या, जांभ्याचा गडगा आणि शाळेत जायची वाटही जांभ्याच्या कातळावरून. जांभा दिसायला मवाळ, तांबूस, भोकाभोकांचा. पण त्यावर पडलेल्या माणसाची साल तो खोबरं किसावं तशी काढतो. अर्धी चड्डी ढोपराच्या वर चार बोटं संपायची, त्यामुळे जखम कायम उघडी. आई लांबूनच ओळखायची. “खय पडलस? ढोपर फोडून घेतलस मां?” मग दगडी पाल्याची चार पानं तळहातावर चुरगळायची, हिरवा रस जखमेत पिळायचा आणि आपण एक पाय वर धरून अंगणभर नाचायचं. चौथ्या दिवशी खपली धरायची. खपलीची कड नखाने उचकटणं हा उन्हाळ्याच्या सुट्टीतला अर्ध्या दिवसाचा उद्योग. जीभ लावली तर खारट लागते. ही चव मला आजही आठवते. त्या काळातल्या पाठ्यपुस्तकातली एकही कविता आठवत नाही.

तर अशा ढोपराबद्दल कुणी मला शंका विचारावी, हा माझ्या बालपणावर घाव होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ही शिवनेरीने परत आली. बरोबर सासूबाई. वय चौऱ्याऐंशी. प्राथमिक शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या, आणि निवृत्तीनंतर शिकवणं न थांबवलेल्या. जावयाचा पाय बघायला आल्या होत्या असं वरकरणी कारण, पण चपला काढताकाढताच म्हणाल्या, “जावईबापू, ढोपराला गुडघा म्हणता म्हणे तुम्ही?”

मी म्हटलं, “मी नाही म्हणत. ते आहेच गुडघा.”

“पायाला गुडघा हा शब्द आहे की. मग त्याच सांध्याला दुसरा शब्द कशाला?”

“हातालाही कोपर हा शब्द आहे की. मग त्याला तरी कशाला?”

हा माझा बिनतोड मुद्दा होता. पण शिक्षकाला बिनतोड मुद्दा समोर ठेवला की तो व्याख्या बदलतो. सासूबाई म्हणाल्या, “कोपर म्हणजे अख्खा सांधा. ढोपर म्हणजे त्याचं मागचं टोक. टेबलावर टेकतो ते. भिंतीवर आपटलं की करंगळीपर्यंत करंट जातो ना, ते ढोपर. तुमच्या गुडघ्याला बसतो का करंट?”

नाही बसत. हे मला मान्य करावं लागलं. शिवाय आदल्या दिवसापासून गुडघ्याला जे काही बसत होतं, त्याला करंट म्हणता आलं नसतं.

मग मी माझं ब्रह्मास्त्र काढलं. आमचे वडील, आमचे मास्तर, आणि मास्तरांच्या गैरहजेरीत वर्गाचा मॉनिटर हे सगळे एकच धमकी द्यायचे: कोपरापासून ढोपरापर्यंत सोलून काढीन. ही धमकी तुम्हीही ऐकली असेल, निदान दिली तरी असेल. आता बघा, कोपर आणि ढोपर एकच असेल तर या धमकीत उरलं काय? सोलायला जागाच नाही. ठाण्यापासून ठाण्यापर्यंतचं तिकीट काढण्यासारखं ते झालं. धमकीत जरब येते ती मधल्या अंतरामुळे. कोपर वर, ढोपर खाली, आणि मधला अख्खा मुलगा.

सासूबाईंनी चहाचा घोट घेतला. “डाव्या कोपरापासून उजव्या ढोपरापर्यंत,” त्या म्हणाल्या. “पाठीवरून.”

मी गप्प बसलो. कारण खरं सांगायचं तर ती जास्त भीतीदायक धमकी होती.

त्या रात्री ढोपराखाली उशी घेऊन (म्हणजे माझ्या ढोपराखाली, सासूबाईंच्या हिशेबाने लोडाला टेकून) मी बराच वेळ जागा होतो. मराठीतल्या या दोन बिजागऱ्यांवर इतकी म्हणी-वाक्प्रचारांची गर्दी आहे, की पुरावा कुठेतरी सापडलाच पाहिजे, असं वाटत होतं. कोपराला गूळ लावणं घ्या. खोटी आशा दाखवणं असा त्याचा अर्थ, कारण स्वतःच्या कोपराला स्वतःची जीभ पोचत नाही. गूळ दिसतो, वास येतो, मिळत नाही. हा वाक्प्रचार गुडघ्यावर चालणारच नाही. गुडघा जवळ घेऊन बसलेलं कुठलंही पोर गुडघ्याला जीभ लावू शकतं; खारट खपलीचा साक्षीदार मी स्वतः आहे. म्हणजे ज्याला जीभ लागते ते ढोपर आणि ज्याला लागत नाही ते कोपर, अशी सोपी कसोटी निघाली. आनंदाच्या भरात मी ती लगेच करून बघितली. अठ्ठावन्नाव्या वर्षी, सुजलेल्या पायानिशी, अंधारात. जीभ आणि ढोपर यांच्यात वीतभर अंतर उरलं आणि ही दिवा लावून म्हणाली, “काय चाललंय?”

त्यावर उत्तर नव्हतं. मी कोपरापासून नमस्कार केला आणि झोपलो.

हाताच्या सांध्याला मराठीने एकंदर बरं वागवलंय. कोपरखळी मारायची तीही हसत हसत. कोपरापर्यंत बाह्या असलेल्या अंगरख्याला कोपरी म्हणायचं. विठोबा तर युगानुयुगं दोन्ही कोपरं बाहेर काढून उभा आहे, आणि त्या ऐटीत कुणाला उर्मटपणा दिसत नाही. मध्य रेल्वेने डोंबिवली आणि दिवा यांच्या मधल्या स्टेशनाला कोपर हे नाव ठेवलंय. त्यालाही सांध्यासारखे दोन भाग आहेत, खालून मुख्य मार्ग जातो आणि वरून वसई-दिवा मार्ग. सकाळी आठ वाजता तिथे गाडीत शिरायचं असेल तर नावाचा उपयोगही होतो.

गुडघ्याच्या वाट्याला मात्र सगळी नाचक्की. अक्कल गुडघ्यात. लग्नाची घाई झाली की गुडघ्याला बाशिंग. हरलं की गुडघे टेकायचे. ज्या अवयवावर उभं राहायचं त्याचीच ही किंमत! आणि ढोपर? ढोपर या शब्दाला साधा अपमानसुद्धा मिळालेला नाही. फुटणं, सोलणं आणि आपटणं एवढंच त्याच्या नशिबी.

मला वाटतं यात ‘ढ’चा दोष आहे. कोपर हा खानदानी शब्द, संस्कृतातल्या कूर्परापासून प्राकृतातून उतरत आलेला. वाटेत जोडाक्षर टाकून दिलं, पण घराणं ओळखू येतं. ढोपर कुठून आला हे विचारायला जाऊ नये असं त्याचं तोंडच सांगतं. ‘ढ’ने सुरू होणारी आपल्याकडची मंडळी आठवून बघा: ढेरी, ढेकर, ढेकूण, ढुंगण, ढेकूळ, ढोंग, ढब्बू. एकाला तरी दिवाणखान्यात खुर्ची देता येईल? आणि स्वतः ढ. ब्राह्मी लिपीतून देवनागरीपर्यंत येताना बाकीच्या अक्षरांनी इतकी रूपं पालटली की सम्राट अशोकाला आजची पाटी वाचता यायची नाही. ढ मात्र शिरोरेघ काढली तर जवळजवळ तसाच राहिला. दोन हजार वर्षांहून जास्त काळ एकाच इयत्तेत बसल्यामुळे वर्गातल्या मुलालाही ढ म्हणायला लागले, असं सांगतात. ते खरं असो वा नसो, मला या अक्षराबद्दल आपुलकी आहे. आपटल्यावर तोंडातून जो आवाज निघतो त्याच्या सर्वांत जवळचं व्यंजन हेच.

सासूबाईंचा मुक्काम वाढला. मी चौकशी सुरू केली. घरी बसून पाय वर ठेवायला सांगितलेल्या माणसाला दुसरं काम काय असतं? जो भेटायला येईल त्याला विचारायचं: ढोपर दाखवा. वॉचमनने, जो मालवणचा, एक पाय उचलून दाखवला. मी त्याला चहा पाजला. शेजारच्या कुलकर्णींनी हात वाकवून दाखवला. सासूबाईंनी त्यांना चहाबरोबर बिस्किटंही दिली. पोळ्या करणाऱ्या बाईंनी पिठाचा हात आधी कोपराकडे नेला, मग माझ्या पट्टीकडे बघून विचारात पडल्या आणि म्हणाल्या, “हाताचं ढोपर वेगळं, पायाचं ढोपर वेगळं.” त्यांचं मत दोन्ही बाजूंनी बाद ठरवलं. तेव्हा ते आम्हाला फार पोचट वाटलं.

माझा ऑफिसातला जुना मित्र अकोल्याचा. तो म्हणाला, “हे काय लावलंय तुम्ही लोकांनी? आमच्याकडे टोंगळा म्हणतात. टोंगळे दुखतात, टोंगळ्यावर बसतात, विषय संपला.” टोंगळा! काय शब्द आहे! वऱ्हाडाने गुडघ्याचा प्रश्न असा एका हातोडीत सोडवलाय. गोव्याचा एक जण फोनवर होता. त्याने सांगितलं, “आमगेर दिंबी.” दिंबी ऐकल्यावर दुखायचंच थांबेल असा तो गोड शब्द. एका सांध्याला गुडघा, ढोपर, टोंगळा, दिंबी एवढी नावं, आणि तरी मला बाही वर करायला लागली.

रविवारी माझा भाचा आला. तो हाडांचा डॉक्टर आहे. म्हणजे खरं तर त्यालाच आधी फोन करायला हवा होता. पण घरातल्या डॉक्टरला आपण शेवटी विचारतो, कारण तो खरं सांगतो. त्याने पाय दाबून, वाकवून, वाटी इकडेतिकडे सरकवून बघितली आणि म्हणाला, “मामा, काही मोडलेलं नाही. मुका मार आहे. बर्फ लावा.”

“ते ठीक,” सासूबाई म्हणाल्या. “पण बाळा, हे ढोपर आहे का?”

तो हसला नाही. डॉक्टर लोकांना प्रश्न गंभीरपणे घ्यायची सवय असते. त्याने खुर्ची पुढे ओढली आणि पहिल्यांदा स्वतःचा हात, मग माझा पाय वापरून शिकवणीच सुरू केली. दंडात एक हाड, मांडीतही एक हाड. कोपराच्या पुढे दोन हाडं, गुडघ्याच्या पुढेही दोन. मनगटाशी बारीक हाडांची गर्दी, घोट्याशीही गर्दी. शेवटी पाच बोटं, पाच बोटं. “आराखडा एकच आहे,” तो म्हणाला. “गर्भात चौथ्या आठवड्याच्या शेवटी हाताचे कोंब फुटतात, पायाचे एक-दोन दिवस मागून. सुरुवातीला दोन्ही सारखेच दिसतात, वल्ह्यासारखे. कोपर आणि गुडघा दोन्ही एकाच बाजूला रोखलेले असतात. मग सहाव्या ते आठव्या आठवड्यात हात बाहेरच्या बाजूला फिरतो, पाय आतल्या बाजूला फिरतो, दोन्ही साधारण काटकोनात. म्हणून कोपर मागे गेलं आणि गुडघा पुढे आला.”

खोलीत कुणी बोललं नाही. मी माझ्या ढोपराकडे बघत होतो, सासूबाई त्यांच्या.

“म्हणजे,” त्या सावकाश म्हणाल्या, “सहाव्या आठवड्यापर्यंत दोघांचंही बरोबर होतं.”

“तसं म्हणता येईल.”

“शाळेत आम्हीही दोघांना बिजागरीचा सांधाच शिकवायचो,” त्या पुटपुटल्या. “खांदा आणि खुबा उखळीचे. कोपर आणि गुडघा बिजागरीचे.” पण लगेच सावरून म्हणाल्या, “करंटचं काय?”

“तो हाडातून जात नाही आजी. कोपराच्या आतल्या बाजूने एक नस हाडाला चिकटून अगदी कातडीखालून जाते, करंगळीला संवेदना देणारी. तिला धक्का बसतो म्हणून झिणझिण्या येतात.”

“आणि वाटी?” मी घाईघाईने विचारलं. माझ्या बाजूचंही काहीतरी नोंदवलं जायला हवं होतं. “वाटी आहे का कोपराला?”

“नाही. वाटी फक्त गुडघ्याला.” मी विजयाने बघितलं. “आणि मामा, जन्मतः ती हाडाची नसतेच. कुर्चा असते. साधारण तीन ते सहा वर्षांच्या दरम्यान तिचं हाड व्हायला लागतं.” म्हणजे रांगताना आपटली तरी बिघडत नाही. मग जांभ्यावर मी जे फोडून घेत होतो ते नुकतंच तयार झालेलं, ताजं हाड होतं. निसर्गालाही काही टायमिंग असतं!

उठता उठता त्याने आणखी एक काडी टाकली. बैल पुढचे पाय दुमडून बसतो तेव्हा जो गुडघा टेकतो ना, तो गुडघा नव्हेच. ते त्याचं मनगट. आणि मागच्या पायाला जो उलटा वाकलेला गुडघा दिसतो, तो घोटा. खरं कोपर वर छातीला लागून, खरा गुडघा पोटाला लागून. हे ऐकल्यापासून पोळ्याला बैलाला हात जोडताना मला अवघडल्यासारखं होणार आहे. आयुष्यभर आपण ज्याचे गुडघे बघितले तो मनगटं टेकून बसला होता.

“मग त्याचं ढोपर कुठलं?” सासूबाईंनी विचारलं. भाचा बूट घालत होता. त्याला ऐकू आलं नाही, किंवा आलं.

तो गेल्यावर माझ्या डोक्यात पोळीवाल्या बाईंचं वाक्य परत आलं. आपण खरंच हातापायांत फार भेद करत नाही. बोटं हाताला आणि बोटं पायाला. अंगठा दोन्हीकडे, करंगळी दोन्हीकडे. तळहात, तळपाय. “अंगठा ठेचकाळला” म्हटलं की कुणी “हाताचा की पायाचा?” म्हणून हुज्जत घालत नाही, ठेच लागते ती पायालाच. “अंगठा दिला” म्हटलं की तो हाताचाच. उलट एवढ्याशा डोक्यात टाळू दोन आहेत: एक तोंडाच्या आत, जिला गरम पोळी चिकटते, आणि एक डोक्यावर, जिथे बाळाला तेल भरतात. मांडीचं तर काय सांगावं? उभं राहिलं की ती पायाचा भाग, पोर बसलं की ती आसन, आणि जेवायला बसताना ती घालायची असते. अशा भाषेत ढोपर हाताला आणि पायाला वाटून घेतलं तर कुणाचं काय जातं? आपटलं की सोलवटतं, वाकतं, टोकदार असतं, ते ढोपर. पत्ता वाक्य सांगेल.

एवढं उदार मन झालं तरी एक शल्य राहिलंच. आजानुबाहू हा थोर पुरुषाचा गुण. जानु म्हणजे गुडघा; गुडघ्यापर्यंत ज्याचे हात पोचतात तो. लहानपणी मास्तरांनी याचा अर्थ “ढोपरापर्यंत हात असलेला” असा सांगितला होता आणि आम्ही वर्गात उभं राहून, एका खांद्यावर झुकून, स्वतःला आजानुबाहू करून बघायचो. सासूबाईंच्या अर्थाने घेतलं तर जगात प्रत्येकाचा हात ढोपरापर्यंत असतोच, पुढेही असतो. सगळेच श्रीराम. मी हे बोलून दाखवलं नाही. त्यांनी यालाही पाठीवरून वाट काढली असती.

सोमवारी पट्टा आणायला कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेलो. भाच्याने नी-कॅप घालायला सांगितली होती. दुकानात गर्दी होती, मालक एका हाताने बिल फाडत होता, दुसऱ्या हाताने कुणाच्या तरी खोकल्याचं औषध पिशवीत टाकत होता. माझ्या तोंडून सवयीने गेलं, “ढोपराला घालायचा पट्टा द्या.”

त्याने मान वर केली नाही. “हाताचं की पायाचं?”

इतक्या सहज! आठ दिवस आमचं घर ज्यावर दुभंगलं होतं, तो प्रश्न या माणसाने साखर हवी की बिनसाखर, एवढ्या सहजतेने विचारला. मी पाठीमागे बघितलं. रांगेतल्या कुणालाही त्यात काही वावगं वाटलेलं नव्हतं.

“पायाचं,” मी म्हटलं, आणि ते म्हणताना काहीतरी हरल्यासारखं वाटलं.

“साइज?”

“एल.”

“ढोपराच्या वर चार बोटं मांडीचा घेर मोजावा लागतो काका. हा टेप घ्या.” बघा, त्यालाही ते ढोपरच होतं. घरी जाऊन हे सांगायचं मी ठरवलं. मग शेजारची बाई पुढे झाली, तिला टेनिस एल्बोचा पट्टा हवा होता, आणि तिलाही तो त्याच सुरात म्हणाला, “ढोपराच्या खाली दोन बोटं बांधायचा ताई, वर नाही.” मी घरी जाऊन काही सांगितलं नाही.

सासूबाई बुधवारी परत गेल्या. जाताना माझ्या पायावरून हात फिरवला. “जपा हो तुमच्या त्या...” असं म्हणून थांबल्या. मी वाट बघितली. “पायाला,” त्या म्हणाल्या.

ढोपर आता बरं आहे. जिना उतरताना कुरकुरतं, पण ते पूर्वीही कुरकुरायचं. एक्स-रेचं मोठं पाकीट परवा न्यायला गेलो, कारण पैसे भरलेले होते. आत दोन फिल्म आणि एक टाइप केलेला कागद. मराठीत सांगायचं तर: उजवं कोपर, सर्व हाडं जागच्या जागी, कुठेही मोड नाही, सांध्यातली जागा व्यवस्थित. मी तो कागद घराच्या आणि विम्याच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये लावला आहे. ही विचारत होती, कशाला ठेवायचा. मी म्हटलं, राहू दे. पुढेमागे तुझं ढोपर दुखायला लागलं आणि मी फोन केला, तर तुलनेला उपयोगी पडेल.